खांद्यावर झोपलेलं मूल



ज्या ग्रंथपालबाईंच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला दरवर्षी भरते, त्यांना मी चांगली ओळखत होते. मी या गावात शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा बाई इथे वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसत. बालविभाग म्हणजे तेव्हा जिन्याखालची एक जागा होती. बाईंनी तिथे सतरंजी अंथरली, पुस्तकं कपाटातून बाहेर काढली आणि भिंतीला टेकवून खाली उभी केली, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी. मुलं पुस्तकं फाडतील अशी कुणीतरी हरकत घेतली. बाई म्हणाल्या, "फाडतील. मी चिकटवीन." त्यांच्या खणात खळीची बाटली कायम असे. आज मी जे बोलणार आहे त्याची सुरुवात माझ्यापुरती त्या सतरंजीवर झाली.

मी बालसाहित्याची अभ्यासक नाही. ३१ वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग घेतले आणि आता साडेचार वर्षांच्या नातीबरोबर रोज संध्याकाळी पुस्तक घेऊन बसते. त्या बसण्याबद्दलच मला सांगायचं आहे.

माझं लहानपण तासगावात गेलं. घरात पुस्तकं बेताची होती, पण वडील दर महिन्याला 'चांदोबा' आणत. मोठा भाऊ मोठ्यानं वाचायचा, बाकीची भावंडं त्याच्या दोन्ही बाजूंना दाटीनं बसायची. मी सगळ्यांत धाकटी. माझ्या वाट्याला समोरची जागा यायची, त्यामुळे चित्रं मला उलटी दिसत. राजे डोक्यावर उभे, झाडं आभाळातून खाली आलेली. मला वाचता येत नव्हतं तेव्हाचा तो 'चांदोबा' मी उलटा पाहिला आहे आणि आजही त्यातलं एखादं चित्र उलटं धरलं तर मला ते जास्त ओळखीचं वाटतं. वडिलांनी पुढे ते अंक वर्षावर्षाचे गठ्ठे करून बाइंडरकडून बांधून घेतले. सहा खंड झाले. माझ्या लग्नानंतर ते माझ्याबरोबर आले.

या मासिकाची हकिकत थोडक्यात सांगते, कारण समोर तरुण मंडळीही आहेत. जुलै १९४७ मध्ये मद्रासला बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी ते तेलुगू आणि तमिळमधून सुरू केलं. मराठी 'चांदोबा' १९५२ चा. पुढे ते डझनभर भाषांतून निघू लागलं, संस्कृतातसुद्धा. मजकूर भाषेप्रमाणे बदलायचा, चित्रं मात्र सगळीकडे तीच. विजयवाड्याचं मूल, कटकचं मूल आणि तासगावचं मूल एकाच महिन्यात एकच चित्र बघत होतं. चित्रकार दक्षिणेतले, म्हणून त्यांच्या नगरांतली देवळं गोपुरांची. महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांना ती परक्या मुलखातली वाटली असतील. आम्हा तासगावकरांचं तसं नव्हतं. आमच्या गणपतीच्या देवळाला परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेलं सात मजली गोपूर आहे. त्यामुळे 'चांदोबा'तल्या सगळ्या गोष्टी आमच्या देवळाच्या आसपास घडतात अशी माझी खात्री होती. राजकन्या गोपुरातून बाहेर पडायची आणि मी तिला आमच्या बाजारपेठेतून नेत असे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चित्रानं मला वाट दिली आणि पुढचं मी माझं चालले.

आता नातीकडे येते. ती साडेतीन वर्षांची असताना मी पहिला खंड माळ्यावरून काढला. मनात हौस होती की जे मला मिळालं ते हिला द्यावं. विक्रम-वेताळाचं पान उघडलं. ते चित्र तुमच्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर असेल. स्मशानातून चाललेला राजा, हातात तलवार, खांद्यावर टाकलेलं प्रेत. हे चित्र काढणारे शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन, १९२४ साली जन्मले. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते 'चांदोबा'त आले आणि मासिक बंद पडेपर्यंत, सुमारे साठ वर्षं, त्यांचा हात त्यात चालू राहिला. २०२० साली ते गेले. देशातल्या किती पिढ्यांनी राजा कसा चालतो हे त्यांच्या रेषेवरून ठरवलं असेल!

मी शिक्षिकेच्या सवयीनं सांगायला तोंड उघडलं, की हा विक्रम राजा, हा वेताळ, हे अमुक, ते तमुक. तेवढ्यात नातीनं चित्रावर बोट ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आजी, त्याचं बाळ झोपलंय. तो घरी नेतोय."

मी गप्प झाले. तिचं वाचन चुकलं होतं का? तिच्या अनुभवात खांद्यावर लुळं पडलेलं शरीर एकच असतं. लग्नकार्यातून रात्री परतताना बाबाच्या खांद्यावर झोपलेलं मूल, म्हणजे ती स्वतः. तिनं चित्रातली रेष नेमकी वाचली होती. मान कलंडलेली, हात लोंबते, वाहून नेणाऱ्याची पावलं जड. चित्रकारानं काढलेलं हे सगळं तिला दिसलं होतं. फक्त 'प्रेत' हा शब्द तिच्याकडे नव्हता. तो तिला त्या संध्याकाळी देण्याची मला घाई वाटली नाही. पुढे कितीतरी दिवस आमच्या घरी विक्रम राजा आपलं बाळ घरी नेत राहिला.

सातआठ महिन्यांनी एकदा तीच म्हणाली, "आजी, हे बाळ मोठं आहे. बघ, पाय किती खाली येतात." मी म्हटलं, हो गं, मोठंच आहे. मग ती पुष्कळ वेळ बघत राहिली आणि तिनं विचारलं, "मग तो उठून चालत का नाही?" त्या दिवशी मी तिला सांगितलं. ती घाबरली नाही. तिनं चित्रावरून, स्वतःच्या पायांनी, तिथवर मजल मारली होती. मृत्यूबद्दलचा पहिला प्रश्न तिनं मला शंकर यांच्या रेषेतून विचारला.

त्या प्रसंगानं माझ्या ३१ वर्षांच्या शिकवण्याकडे मला वेगळ्या नजरेनं बघायला लावलं. वेताळाच्या गोष्टीचा नियम आठवा. राजानं मौन सोडलं की वेताळ निसटतो आणि पुन्हा झाडावर जाऊन लटकतो. मुलाजवळ पुस्तक घेऊन बसणाऱ्या मोठ्या माणसाची गत तीच आहे. मुलाच्या मनात चित्र बघून काहीतरी जुळत असतं. आपण घाईनं बोललो, नावं सांगितली, अर्थ लावून दिला, की ते निसटतं. राजाला बिचाऱ्याला उत्तर ठाऊक असून गप्प राहिलं तर डोक्याची शकलं होण्याचा धाक होता. आपल्याला तसलं काही भय नाही. आपल्याला गप्प राहता येतं. वर्गात मी किती मुलांचे वेताळ असे उडवून लावले असतील, याचं मला आज वाईट वाटतं.

याचा अर्थ तोंडाला कुलूप लावून बसावं असा नाही. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोनतीन वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना त्यांनी चित्रांची पुस्तकं वाचून दाखवण्याची एक रीत शिकवली. सरळ वाचत जायचं नाही, मुलाला बोलतं करायचं, 'हे काय आहे' एवढंच न विचारता 'इथे काय चाललंय' असं विचारायचं आणि मूल बोललं की त्याच्याच वाक्यात थोडी भर घालायची. महिनाभरात ही मुलं बोलण्याच्या बाबतीत नुसतं वाचून दाखवलेल्या मुलांच्या पुढे गेली. शास्त्रज्ञांनी हे मोजून सांगितलं. आपल्याकडच्या गोष्टीवेल्हाळ आज्यांना हे न मोजता येत होतं. 'मग काय झालं असेल गं?' असं विचारून त्या थांबत. ते थांबणं फार महत्त्वाचं.

दुसरी गोष्ट, तेच पुस्तक पुन्हा. घरोघरच्या आयांची तक्रार असते, की नवं पुस्तक आणलं तरी तेच जुनं मागतो आणि एक शब्द बदलला तरी चालत नाही. त्या आयांना मी मुंबईत जन्मलेल्या एका लेखकाची हकिकत सांगते. रुडयार्ड किपलिंग १८६५ साली जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मला. त्याचे वडील तिथे शिकवत. पुढे तो आपल्या थोरल्या मुलीला, जोसेफिनला, रात्री झोपवताना प्राण्यांच्या गोष्टी सांगू लागला. उंटाला मदार कशी आली, गेंड्याची कातडी अशी का. या गोष्टी रोज अगदी तशाच सांगाव्या लागत. एक शब्द इकडचा तिकडे झाला की पोर जागी होऊन तो दुरुस्त करायची. यांतल्या पहिल्या गोष्टी 'सेंट निकोलस' या मुलांच्या सचित्र मासिकात १८९७ पासून आल्या. १८९९ साली ती मुलगी न्यूमोनियानं गेली. १९०२ मध्ये किपलिंगनं स्वतः चित्रं काढून त्या गोष्टींचं पुस्तक केलं आणि त्याला जे नाव दिलं त्याचा अर्थच 'अगदी अश्शाच' असा आहे. साम्राज्याबद्दलची किपलिंगची मतं मला अजिबात मान्य नाहीत. पण त्या शीर्षकात एका लेकीचा हट्ट जपून ठेवलेला आहे, तो मला विसरता येत नाही.

मुलाला तेच पुस्तक का लागतं? मला जे दिसलं ते सांगते. पहिल्यांदा मूल बघतं की पुढे काय होतं. दहाव्यांदा त्याला पुढे काय होणार ते माहीत असतं, म्हणून त्याची नजर मोकळी होते आणि ते कोपऱ्यातलं बघायला लागतं. खिडकीत बसलेली मांजर, उंबऱ्यापाशी पडलेली एकच चप्पल, आजोबांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण. पाय लोंबतात हे नातीला पहिल्या दिवशी दिसलं नव्हतं. ते दिसायला सातआठ महिने तेच पान लागलं.

आणि कोपऱ्यात बघण्यासारखं काही असावं लागतं. इथे मला चित्रांच्या दर्जाबद्दल जरा थांबून बोलायचं आहे.

बंगालमध्ये उपेंद्रकिशोर रायचौधुरी नावाचा एक थोर माणूस होऊन गेला. सत्यजित राय यांचे आजोबा. त्यांनी मुलांसाठी रामायण लिहिलं, त्यासाठी चित्रं काढली, पण लाकडी ठशांवरून छापताना त्या चित्रांची पार रया गेली. दुसरा लेखक हळहळून गप्प बसला असता. उपेंद्रकिशोरांनी इंग्लंडहून यंत्रसामग्री मागवली, घरातल्या खोल्यांत काळोखी खोली आणि स्टुडिओ थाटला आणि हाफटोन छपाईचा इतका सखोल अभ्यास केला, की त्यांचे लेख 'पेनरोज' या इंग्रजी वार्षिकात छापून येऊ लागले. मुद्रणशास्त्रातलं ते मानाचं स्थान. १९१३ साली त्यांनी 'संदेश' हे मुलांचं मासिक काढलं. दोनच वर्षांनी ते वारले. मासिक त्यांचे चिरंजीव सुकुमार यांनी चालवलं, पुढे ते बंद पडलं आणि १९६१ मध्ये सत्यजित राय यांनी कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्यासह ते पुन्हा सुरू केलं. सिनेमाच्या धबडग्यात ते या मासिकासाठी चित्रं काढत, गोष्टी लिहीत. मुलांच्या डोळ्यांपुढे धूसर चित्र जाता कामा नये, या एका आग्रहापायी एका घराण्यानं तीन पिढ्या घालवल्या. याला मी संस्कृती म्हणते.

आपल्या बाजारात आज काय मिळतं? भडक गुलाबी आणि पोपटी रंग, सगळ्या प्राण्यांना एकाच साच्याचे डोळे, सिंह हसतोय, उंदीर हसतोय, विहिरीत पडलेला कोल्हासुद्धा हसतोय. हे मुलांना आवडतं असं विक्रेते सांगतात. दुसरं काही समोर ठेवलंच नाही तर तेच आवडणार.

पण चांगलं नाही असं कुणी म्हणू नये. मराठीत माधुरी पुरंदरे यांनी जे काम केलं आहे त्याला तोड नाही. त्या स्वतः लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात. 'राधाचं घर' या संचात घरातल्या एकेका माणसावर एकेक छोटं पुस्तक आहे. त्यातली माणसं आपल्यासारखी दिसतात, आपल्यासारखी बसतात, घरातला पसारा आपल्या घरातल्यासारखा आहे. माझ्या नातीनं त्यातली आजी बघून माझ्याकडे बघितलं, पुन्हा पुस्तकाकडे बघितलं आणि समाधानानं मान हलवली. त्यांचंच 'चित्रवाचन' नावाचं पुस्तक आहे, ते प्रत्येक अंगणवाडीताईच्या हाती असायला हवं. त्यांनी संपादित केलेल्या 'वाचू आनंदे'मध्ये निवडक मराठी साहित्य आणि चित्रकला शेजारी शेजारी नांदतात. २०१४ साली साहित्य अकादमीनं त्यांना बालसाहित्य पुरस्कार दिला. मला विचाराल तर आपण मराठी माणसांनी या कामाची पुरेशी कदर अजून केलेली नाही.

मासिकांचंही तसंच आहे. बालभारतीचं 'किशोर' नोव्हेंबर १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक संस्थेनं इंटरनेटवर सर्वांना मोफत खुले केले आहेत. अगदी लहानांसाठी पुण्याहून 'चिकूपिकू' निघतं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर २०१५ पासून मराठीतलीही चित्रपुस्तकं विनामूल्य आहेत. तालुक्याच्या गावातला झेरॉक्सवाला ती छापून देतो. तेव्हा 'मिळत नाही' हे कारण आता उरलेलं नाही. मिळतं. शेजारी बसणारं माणूस मिळत नाही.

त्या माणसाचं मोल किती, हे न्यूझीलंडच्या डोरोथी बटलर यांनी दाखवलं. १९७१ साली त्यांची नात कुश्ला जन्मली ती गुणसूत्रांतल्या दोषामुळे अनेक व्याधी घेऊनच. हात ताब्यात नव्हते, दूरचं नीट दिसत नव्हतं, रात्रीच्या रात्री झोप नसे. त्या लांबलेल्या रात्री कशानं तरी भरायच्या म्हणून ती चार महिन्यांची असल्यापासून आईवडिलांनी तिला मांडीवर घेऊन, पुस्तक तिच्या डोळ्यांजवळ धरून वाचायला सुरुवात केली. ही मुलगी मतिमंद होणार अशी भीती होती. तिसरं वर्ष ओलांडेपर्यंत तिची समज आणि भाषा वयाच्या मानानं उणी राहिली नाही. बटलर यांनी यावर १९७९ साली पुस्तक लिहिलं. औषधपाणी, डॉक्टर सगळं होतंच. पण ज्या मुलीला स्वतःला पुस्तक धरता येत नव्हतं तिच्यासाठी कुणीतरी ते धरून बसलं होतं.

आता एक अवघड गोष्ट. आपल्याला प्रिय असलेलं पुस्तक मुलाला आवडत नाही तेव्हा काय करायचं? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा माझ्या मुलाचा जिवलग. त्यानं ती पुस्तकं लेकीसाठी जपून ठेवली आहेत आणि ती कधी मोठी होते याची वाट बघतो आहे. मी त्याला सांगते, ती कदाचित वाचणार नाही. त्याला ते ऐकवत नाही. माझा स्वतःचा अनुभव सांगते. 'चांदोबा'च्या दुसऱ्या खंडात एका राक्षसाची गोष्ट आहे, तिनं माझं बालपण उजळलं होतं. मी ती तीनदा काढली आणि तीनदा नातीनं पान मिटलं. चौथ्यांदा तिनं माझ्या हातातून खंड काढून घेतला, मागचं पान उघडलं आणि साबणाची एक जुनी जाहिरात अर्धा तास बघत बसली. मला लागलं. मग लक्षात आलं की मी तिला पुस्तक देत नव्हते, माझं बालपण देत होते, आणि ते तिला घेता येणार नव्हतं. पुस्तक घेता येत होतं. ते तिनं घेतलं, तिला हवं त्या पानावर. तेव्हापासून पान तीच उलटते. दोनतीन पानं एकदम उलटली तरी मी परत मागे जात नाही.

शेवटी वाचनालयांबद्दल. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका गावच्या वाचनालयात नातवंडांच्या वयाची पुस्तकं बघायला गेले होते. बालविभाग सुंदर होता, काचेची कपाटं, कपाटांना कुलपं. किल्ली मागितली तेव्हा समजलं की किल्ली ज्यांच्याकडे असते ते रजेवर आहेत. काचेआड उत्तम पुस्तकं होती, एकालाही डाग नव्हता. एक मुलगा काचेला नाक लावून आतलं मुखपृष्ठ बघत उभा होता. ग्रंथालयशास्त्राचे आपले आद्य आचार्य डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच सूत्र पुस्तकं वापरासाठी असतात हे आहे. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. इतक्या वर्षांनीही मुलांच्या पुस्तकांना आपण कुलूप लावतो, हे मला सहन होत नाही. अंगणवाडीतही चित्रांचे तक्ते मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगलेले मी पाहते. ते दोन हात खाली आणायला खिळा आणि हातोडी एवढंच लागतं.

या वाचनालयाच्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे. बाईंच्या नावानं व्याख्यानं होतात ती होऊ द्यात, पण जिन्याखालची ती जागा आता जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांनी भरली आहे, ती मोकळी करा. सतरंजी मी देते. माझ्या वडिलांनी बांधून घेतलेले 'चांदोबा'चे सहाही खंड आज मी बरोबर आणले आहेत, ते बाहेर टेबलावर आहेत. ते कपाटात ठेवू नका. मुलांच्या हाती पडून फाटले तर फाटू द्यात, मी दर शनिवारी दुपारी खळ घेऊन येईन. आणि तुम्ही मंडळी येताना घरातलं एखादं लहान मूल बरोबर आणा.